सिडनी ते लंडन: वाटेतल्या थांब्यांची गोष्ट

(दृश्य: रात्रीचा अरबी समुद्र, वरून. दूर किनाऱ्यावर दिव्यांची बारीक रेघ.)

गुहागरच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आत गेलं, की समुद्रात एक जागा येते. तिथे बेट नाही, दीपस्तंभ नाही, काहीच नाही. पण ऑस्ट्रेलियातलं पर्थ आणि इंग्लंडमधलं लंडन ही दोन शहरं पृथ्वीच्या गोलावर सगळ्यात जवळच्या वाटेने जोडली, तर त्या वाटेचा मध्य इथे पडतो. इथून पर्थ सव्वासात हजार किलोमीटर आणि लंडनही सव्वासात हजार.

पर्थहून लंडनला थेट जाणारं विमान संध्याकाळी सुटतं. रोजची वाट थोडी इकडे, थोडी तिकडे सरकते. पण ढोबळ हिशेब केला, तर आपल्याकडे मध्यरात्र उलटते तेव्हा त्या विमानातल्या लोकांचा अर्धा प्रवास झालेला असतो. एक जेवण झालेलं असतं, दिवे मंद केलेले असतात आणि अजून आठ-नऊ तास बसायचं असतं.

25 मार्च 2018 च्या पहाटे असं पहिलं विमान लंडनला उतरलं. 14,498 किलोमीटर, साधारण 17 तास, मध्ये कुठेही चाक टेकलं नाही. ऑस्ट्रेलिया आणि युरोप यांच्यात न थांबणारी ही पहिली नियमित सेवा. क्वांटास कंपनीचं बोईंग 787-9, 236 जागा.

पण पर्थ हे ऑस्ट्रेलियाचं पश्चिमेचं टोक. खरी दूरची जोडी सिडनी आणि लंडन. सिडनी पर्थहून आणखी सव्वातीन हजार किलोमीटर पूर्वेला. तिथून लंडन 17,000 किलोमीटर. पृथ्वीच्या पाठीवर कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून 20,000 किलोमीटरहून फारशी लांब असूच शकत नाहीत. म्हणजे यापेक्षा लांब जायचं म्हटलं, तर थोड्याच अंतरानंतर माणूस परत जवळ यायला लागतो.

आणि गंमत बघा. सिडनी-लंडन वाटेचा मध्य अरबी समुद्रात पडत नाही. तो पडतो चीनच्या सिचुआन प्रांतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे पटत नाही. गोल हातात घेऊन त्यावर दोरा ताणला, की तो ऑस्ट्रेलिया ओलांडून चीनमध्ये शिरतो, रशियावरून युरोपात उतरतो.

हे अंतर शंभर वर्षांत एका किलोमीटरनेही कमी झालेलं नाही. बदलले ते थांबे. कुठे उतरावं लागतं, कोण उतरू देतं आणि न उतरता किती दम निघतो, एवढ्यावर या वाटेचा सगळा इतिहास उभा आहे.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. दोन मजली पंखांचं, उघड्या बैठकीचं विमान.)

1919. पहिलं महायुद्ध संपलेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने 10,000 पौंडांचं बक्षीस लावलं: ऑस्ट्रेलियन वैमानिकांनी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला 30 दिवसांच्या आत उडत यायचं. सहा विमानं निघाली. दोन विमानांतले चारही जण वाटेत गेले.

12 नोव्हेंबरला लंडनजवळच्या हाउन्स्लोहून रॉस आणि कीथ हे स्मिथ बंधू निघाले. बरोबर बेनेट आणि शिअर्स हे दोन मेकॅनिक. विमान व्हिकर्स विमी, म्हणजे मुळात बॉम्ब टाकायला बांधलेलं. छप्पर नाही, काच नाही. पाऊस आला की तोंडावर, बर्फ पडलं की मांडीवर. रोज उडायचं, संध्याकाळच्या आत जमीन गाठायची आणि मग रात्री इंजिन उघडून बसायचं.

त्या काळी विमानतळ नावाची गोष्ट फारशी नव्हतीच. कलकत्त्यात ते घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरले. बघायला ही गर्दी लोटली. दुसऱ्या दिवशी निघताना विमानाने जेमतेम जमीन सोडली आणि दोन मोठे पक्षी समोर आले. एक पंखावर आपटला, दुसरा थेट फिरत्या पंख्यात. समोर झाडं. विमान कसंबसं त्यांच्या शेंड्यांवरून निघालं.

जावा बेटावरच्या सुराबायाला वेगळाच प्रकार झाला. मैदान वरून टणक दिसत होतं, पण ती भर घातलेली जमीन होती. चाकं रुतली. काढली, परत रुतली. शेवटी आसपासच्या गावांतून बांबूच्या चटया आणल्या. लोकांनी घरातल्या चटया काढून दिल्या. त्या एकीला एक जोडून अंथरल्या आणि त्या चटयांच्या पट्टीवरून विमी धावलं, चटयांचे तुकडे मागे उडवत. या साऱ्या वाटेवर मला सगळ्यात आवडणारी धावपट्टी हीच. ज्यांनी ती केली त्यांची नावं कुठल्या स्मारकावर नाहीत. स्मिथ बंधूंना मात्र सर ही पदवी मिळाली.

10 डिसेंबरला ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर डार्विनला उतरले. 28 दिवसांच्या आत. हवेतले तास 135. म्हणजे महिनाभराच्या प्रवासात विमान सहा दिवसही हवेत नव्हतं. बाकीचा वेळ गेला तो जमिनीवर. शर्यत पूर्ण करणारं दुसरं विमान डार्विनला पोचलं, पण त्याला जवळपास सात महिने लागले.

(दृश्य: फिरता नकाशा. लंडनपासून सिडनीपर्यंत ठिपक्यांची माळ.)

1935 मध्ये तिकीट काढून जाता येऊ लागलं. ब्रिस्बेन ते लंडन, साडेबारा दिवस. त्यातही एक तुकडा आगगाडीचा. इटलीने आपल्या आकाशातून जायची परवानगी दिली नव्हती, म्हणून पॅरिस ते ब्रिंडिसी हा टप्पा प्रवाशांनी रुळांवरून करायचा! हिंदुस्थानात कराची, जोधपूर, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असे थांबे पडत. रात्री विमान उडत नसे. प्रवासी हॉटेलात झोपत, सकाळी पुन्हा गणवेशातला माणूस हाक मारायला येई.

मग 1938 मध्ये आल्या उडत्या बोटी. पाण्यावर उतरणारी, पाण्यावरूनच उठणारी मोठी विमानं. सिडनीच्या रोझ बे खाडीतून निघायचं आणि नऊ-दहा दिवसांनी इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला. 15 प्रवासी. आत फिरायला जागा, खिडकीपाशी उभं राहून खाली बघायची सोय. आजच्या विमानात खुर्ची मागे केली तर मागचा माणूस खाकरतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

उडत्या बोटीला धावपट्टी लागत नाही, पाणी लागतं. हिंदुस्थानच्या मधोमध एवढं पाणी कुठे मिळणार? राजस्थानातलं राजसमंद तळं घेतलं. आणि ग्वाल्हेर संस्थानातला माधोसागर. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, सिडनी-लंडनची बोट तलावात उतरायची, तेल भरायचं आणि निघायचं. मराठी माणसाने या वाटेवर आपला म्हणून दाखवावा असा थांबा तो.

हे सगळं 1942 मध्ये तुटलं. 15 फेब्रुवारीला सिंगापूर जपानच्या हाती पडलं. मलाया, जावा, तिमोर, म्हणजे या वाटेवरच्या पायऱ्या एकामागून एक गेल्या. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यातली हवाई टपाल वाट बंद.

(दृश्य: पर्थमधली स्वान नदी. पहाटेचं धुकं. एका उडत्या बोटीचा आराखडा पडद्यावर उमटतो.)

इथे जरा थांबू या, कारण या वाटेवरचं सगळ्यात धाडसाचं पान हे आहे.

मधले थांबे गेले, तर थांब्यांशिवाय जायचं. पर्थच्या स्वान नदीतून उठायचं आणि हिंदी महासागर ओलांडून थेट श्रीलंकेतल्या कोग्गला सरोवरात उतरायचं. साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त. खाली फक्त पाणी, आणि वाटेतल्या आकाशात जपानी विमानं दिसण्याची शक्यता.

त्यासाठी कॅटलिना जातीच्या पाच उडत्या बोटी होत्या. त्यांना ताऱ्यांची नावं दिलेली: अल्टेअर, व्हेगा, रायगेल, अँटेरीझ, स्पायका. आतलं जे काही काढता येईल ते काढलं. थंडीपासून बचाव करणारं अस्तर काढलं, पंखांवरचं बर्फ झटकायची यंत्रणा काढली. त्या जागी इंधन. विमान ज्या वजनासाठी बांधलं होतं त्याहून कितीतरी जड होऊन ते पाण्यावरून उठायचं. एवढं करून माणसं किती न्यायची? तीन. आणि टपाल 69 किलो. पत्रंसुद्धा बारीक फिल्मवर छापून, वजन वाचवून.

वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास. जपानी टापूतून अंधारात जायचं, म्हणून वेळा तशा जुळवलेल्या. रेडिओ बंद. दिशा कशी कळायची? ताऱ्यांवरून. दिशादर्शक अधिकारी उपकरण डोळ्याला लावून तारा पकडायचा, घड्याळ बघायचा, कागदावर गणित मांडायचा. ढग आले तर वाट बघायची.

27 तासांपासून 33 तासांपर्यंत, वारा असेल तसं. एका फेरीला 32 तास 9 मिनिटं लागली. नियमित प्रवासी सेवेत, वेळेच्या हिशेबाने, इतकं लांब उड्डाण त्यानंतर झालेलं नाही. विमानं कितीही पुढे गेली तरी हा विक्रम त्या संथ कॅटलिनांकडेच आहे.

एका उड्डाणात सूर्य दोनदा उगवायचा. प्रवाशाला उतरताना एक प्रमाणपत्र मिळायचं: तुम्ही दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळाचे सभासद झालात. युद्धाच्या त्या दिवसांतही कुणाला तरी अशी थट्टा सुचत होती.

जून 1943 ते जुलै 1945. 271 फेऱ्या. एकही विमान हरवलं नाही.

आणि त्या बोटींचं पुढे काय झालं? युद्धकाळात अमेरिकेने उसनवार दिलेली विमानं, अटीप्रमाणे वापर संपल्यावर ती ठेवता येत नव्हती. बहुतेक बोटी पर्थजवळच्या रॉटनेस्ट बेटापलीकडे नेऊन समुद्रात बुडवल्या. संग्रहालयासाठी एकसुद्धा राखली नाही. कायद्याने बरोबर असेल, पण ऐकताना पोटात कालवतंच.

(दृश्य: चार इंजिनांचं कॉन्स्टेलेशन विमान, तीन शेपट्यांचं.)

1 डिसेंबर 1947. सिडनीहून कॉन्स्टेलेशन विमान निघालं: डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली, लंडन. चार दिवस, हवेत 55 तास. 29 प्रवासी, 11 कर्मचारी. सिंगापूरला एक रात्र, कैरोला एक रात्र. जाऊन-येऊन तिकीट 585 पौंड, म्हणजे साध्या नोकरदाराने नुसतं ऐकायचं. उड्या मारत जाणाऱ्या या वाटेचं नाव पडलं कांगारू रूट.

त्या यादीतले दोन थांबे पुन्हा वाचा. कलकत्ता आणि कराची. साडेतीन महिन्यांपूर्वी दोन्ही एकाच देशात होते. विमान जात होतं त्याच वाटेने, खालचे देश बदललेले होते.

पुढची तीस-चाळीस वर्षं झपाट्याने सांगता येतील. 1959 मध्ये जेट आली, दिवसांचे तास झाले. सत्तरच्या दशकात जम्बो जेट आलं आणि तिकीट मध्यमवर्गाच्या टप्प्यात येऊ लागलं. थांबे गळत गेले: सहाचे तीन, तिनाचे दोन, दोनाचा एक. वेग मात्र तिथेच राहिला. साठ वर्षांपूर्वीचं जेट आणि आजचं जेट जवळजवळ सारख्याच वेगाने उडतात, ताशी 900 किलोमीटरच्या आसपास.

वेग वाढवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. 1977 च्या डिसेंबरात आवाजाहून वेगवान कॉन्कॉर्ड लंडनहून बहारीनमार्गे सिंगापूरला जाऊ लागलं. तीन फेऱ्या झाल्या आणि मलेशियाने आपल्या आकाशातून जाऊ देण्याला हरकत घेतली. सेवा थांबली. 1979 मध्ये परत सुरू झाली, 1980 मध्ये कायमची बंद. वेगाला तंत्रज्ञान होतं, वरून जाऊ द्यायला खालचा शेजारी तयार नव्हता.

(दृश्य: हीथ्रो विमानतळ, 1989. लाल शेपटीचं जम्बो जेट ट्रॅक्टरने ओढलं जात आहे.)

मग प्रश्न येतो: सरळ जास्त इंधन भरून का जात नाहीत?

कारण इंधनालाही वजन असतं आणि ते वजन वाहून न्यायलाही इंधन लागतं. घाट चढणाऱ्या बैलगाडीत बैलांचाच चारा भरायचा, तसं. चारा वाढला की ओढ वाढते, ओढ वाढली की बैल जास्त खातात. 787-9 चं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन 254 टन. टाक्या पूर्ण भरल्या तर त्यातले सुमारे 100 टन इंधनाचेच. एका मर्यादेनंतर प्रवासी खाली ठेवून इंधन न्यावं लागतं, आणि प्रवासी नसतील तर निघायचं कशाला?

ऑगस्ट 1989 मध्ये क्वांटासने ते करून दाखवलं. नवं कोरं बोईंग 747-400, नाव ‘सिटी ऑफ कॅनबेरा’. लंडनहून थेट सिडनी. साडेतीनशे-चारशे प्रवाशांच्या विमानात मोजकी माणसं. टाकीत जास्तीत जास्त ऊर्जा मावावी म्हणून खास घट्ट इंधन बनवून घेतलेलं. आणि धावपट्टीच्या टोकापर्यंत विमान स्वतःच्या इंजिनावर गेलंच नाही, ओढून नेलं. तेवढं थेंबभर तेल वाचलं तरी हवं होतं. 20 तास 9 मिनिटं 5 सेकंदांनी ते सिडनीला टेकलं. 18,000 किलोमीटर.

तेच विमान मार्च 2015 मध्ये निवृत्त झालं. सिडनीहून दक्षिणेला एका छोट्या विमानतळावरच्या संग्रहालयात ते ठेवायचं होतं. त्याचं शेवटचं उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचं.

(दृश्य: आजचा नकाशा. काही देश लाल रंगात झाकोळत जातात.)

आता तुम्ही म्हणाल, 2018 मध्ये पर्थहून थेट विमान निघालं, म्हणजे थांब्यांची कटकट मिटली. तसं झालं नाही.

करोनाच्या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमा बंद केल्या, तर हेच विमान काही महिने डार्विनहून उडालं. 1919 मध्ये स्मिथ बंधू जिथे उतरले, त्याच डार्विनहून.

एप्रिल 2024 मध्ये पश्चिम आशियात तणाव वाढला. इराणचं आकाश टाळायचं ठरलं. टाळायचं म्हणजे वळसा, वळसा म्हणजे इंधन. पर्थहून लंडनला जाणारं विमान मग सिंगापूरला उतरून तेल भरून पुढे जाऊ लागलं, नाहीतर बरेच प्रवासी खाली ठेवावे लागले असते. पण त्याच दिवसांत लंडनहून पर्थला येणारं विमान थेटच येत राहिलं. विमान तेच, वळसा तोच. मग फरक कशाने? वाऱ्याने. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. लंडनहून येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. म्हणून तिकिटावर जायचे तास वेगळे आणि यायचे वेगळे. मुंबईहून लंडनला गेलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. येतानाचा प्रवास बहुधा तासभर तरी कमी असतो.

आणि तो सिचुआनमधून जाणारा सरळ दोरा? नोव्हेंबर 2019 मध्ये क्वांटासने त्या बाजूने एक चाचणी उड्डाण केलं. लंडन ते सिडनी, पन्नासेक माणसं, 19 तास 19 मिनिटं. वाटेत रशिया, कझाकस्तान, चीन. विमानात शास्त्रज्ञ होते. प्रवाशांच्या मनगटाला पट्ट्या बांधलेल्या, वैमानिकांच्या मेंदूतल्या लहरींची नोंद चाललेली. जेवण कधी द्यायचं, दिवे कधी लावायचे, झोप कधी येऊ द्यायची, यावर प्रयोग. जेवणसुद्धा लंडनच्या घड्याळाप्रमाणे नाही, सिडनीच्या. ऋतूप्रमाणे दोन शहरांच्या घड्याळांत 9 ते 11 तासांचं अंतर, आणि शरीराला ते अंतर विमानातच पटवून द्यायचं होतं.

त्यानंतर सव्वादोन वर्षांनी युक्रेनचं युद्ध पेटलं आणि रशियाने अनेक देशांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. गोलावरचा दोरा सरळ आहे, पण खालचे देश तो सरळ राहू देत नाहीत.

तरीही सिडनी-लंडन थेट सेवेची तयारी चालू आहे. प्रकल्पाचं नाव सनराइज, त्या दोन सूर्योदयांच्या आठवणीत. क्वांटासने 2022 मध्ये एअरबस ए350-1000 जातीची 12 विमानं मागवली. त्यात 20,000 लिटरची एक जादा टाकी. जागा फक्त 238. हेच विमान इतर कंपन्या तीनशेहून जास्त प्रवासी बसवून चालवतात. मध्ये पाय मोकळे करायला, ताणायला एक मोकळा कोपरा. प्रवास 20 तासांच्या आसपास, आणि वारा उलटा असेल तर त्याहूनही जास्त. मुदत एक-दोनदा पुढे गेलेली आहे.

238 पैकी 140 जागा साध्या वर्गाच्या आहेत. पुढच्या दालनात पलंग आहे त्यांचं ठीक. पण मागे मधल्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं, आणि वीस तास. एकदा झोपून उठायचं, जेवायचं, पुन्हा झोपायचं, तरी पडद्यावरचं छोटं विमान अजून कझाकस्तानात. वाचणारा वेळ किती? तीन-चार तास. त्यासाठी तिकीट महाग असणार, हे उघड आहे.

मला विचाराल तर मी सिंगापूरला उतरेन. तोंड धुवायचं, एक कडक कॉफी घ्यायची, लांबलचक गालिच्यावरून दोन फेऱ्या मारायच्या आणि मग पुढचं विमान पकडायचं.